पाणी येतं ते सांगून, जमीन जाते ती न सांगता

मागच्या भागात आपण १९४५ च्या सुराबायात होतो, ४९ व्या ब्रिगेडमधल्या मराठा पलटणींबरोबर. आज त्याच जावा बेटावर, पण पश्चिमेच्या टोकाला, जकार्तात जायचं आहे. लढाई आजही आहे. पण ती थोडक्यात आटपेन, कारण मी तिथे लढाईची जागा बघायला गेलो आणि बघून आलो ते वेगळंच.

मी सॅपर. म्हणजे सैन्यातला इंजिनिअर. पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि पावसाळ्यात बोटी घेऊन पुरात उतरणं ही आमची कामं. ज्या मद्रास इंजिनिअर ग्रुपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, त्याच्या रणसन्मानांच्या यादीत 'जावा' हे एक नाव आहे. सेकंड लेफ्टनंट असताना ते पाठ केलं होतं. २०१९ च्या डिसेंबरात मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने दोन महिने जकार्तात राहायचा योग आला, तेव्हा ठरवलं की ती जागा बघायचीच.

पण आधी एक दगड. जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात अंड्याच्या आकाराची एक शिळा आहे, तुगू इथे सापडलेली. तुगू म्हणजे आजच्या शहराचा समुद्राकडचा भाग. शिळेवर पल्लव लिपीत संस्कृत श्लोक कोरले आहेत, पाचव्या शतकातले. राजाचं नाव पूर्णवर्मन, राज्य तारुमानगर. लेख सांगतो की आधीच्या राजाने चंद्रभागा नावाचा प्रवाह खोदवला, तो नगरीजवळून समुद्राला मिळाला. आणि पूर्णवर्मनने आपल्या कारकिर्दीच्या बाविसाव्या वर्षी गोमती नावाचा दुसरा प्रवाह खोदवला, लांबी ६१२२ धनुष्यं, काम २१ दिवसांत पुरं, ब्राह्मणांना एक हजार गाई दान.

चंद्रभागा हे नाव वाचल्यावर मराठी माणसाचं काय होतं ते मी सांगायला नको. मी मात्र खिशातला पेन काढून हिशोब करत उभा राहिलो. धनुष्य म्हणजे चार हात, तेव्हा ६१२२ धनुष्यं म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. दिवसाला अर्धा किलोमीटरहून जास्त कालवा. माझ्याकडे डोझर असताना मी एवढा वेग देऊ शकलो नसतो. दुसरी गंमत तिथीची. काम सुरू झालं फाल्गुन वद्य अष्टमीला आणि संपलं चैत्र शुद्ध त्रयोदशीला. आपल्या पंचांगाने मोजा. वद्य अष्टमी ते अमावास्या आठ दिवस, पुढचे तेरा, बरोबर एकवीस. उत्तर हिंदुस्थानी पंचांगाने, जिथे महिना पौर्णिमेला संपतो, हा हिशोब जमत नाही. म्हणजे कालवा खोदताना मध्ये आपला गुढीपाडवा येऊन गेला.

हा कालवा शेतीसाठी की पुराचं पाणी वळवण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतं आहेत. मला एवढंच सांगायचं आहे की या जागेचा जो पहिला लेखी कागद, म्हणजे दगड, आपल्या हाती आहे, तो पाण्याला वाट काढून दिल्याबद्दल आहे. दीड हजार वर्षं तेच काम चालू आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला डोंगर, बोगोर आणि त्याच्यावरचं पुंचाक. उत्तरेला जावा समुद्र. मध्ये गाळाचा सपाट पट्टा आणि त्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या तेरा नद्या. त्यातली मुख्य चिलिवुंग, सुमारे १२० किलोमीटरची. आपल्याकडे एवढ्या नदीला कोणी विचारणार नाही, पण ती ज्या डोंगरातून येते तिथला पाऊस आपल्या आंबोलीशी, महाबळेश्वरशी नातं सांगणारा.

या नदीच्या मुखाशी १६१९ मध्ये यान पीटरझून कून या डच सरदाराने जायाकार्ता नावाचं गाव जाळलं आणि त्या जागी बटाव्हिया वसवलं. डच लोकांनी काय करावं? घरी होतं तेच केलं. दलदलीत सरळ रेषेत कालवे काढले, काठाने विटांची घरं बांधली. हॉलंडात हे चालतं. इथे उष्ण हवा, गाळाने भरलेली नदी आणि जवळजवळ न हलणारं पाणी. १६९९ च्या भूकंपात सालक डोंगराकडच्या दरडी कोसळून चिखल आणि झाडं नदीत आली, कालवे आणखी बुजले. पुढे किनाऱ्याला माशांची तळी झाली, डासांची सोय झाली, आणि १७३३ नंतर तर बोटीतून उतरलेल्या नव्या युरोपियनांतला फार मोठा हिस्सा पहिल्या वर्षातच जमिनीखाली जाऊ लागला. कॅप्टन कुकचं एन्डेव्हर जहाज १७७० मध्ये दुरुस्तीसाठी इथे थांबलं. इथल्या तापाने आणि हगवणीने त्याची तीसच्या आसपास माणसं गेली, काही बंदरात, बरीचशी पुढच्या प्रवासात.

शेवटी १८०८ मध्ये आलेल्या दान्डेल्स या गव्हर्नर जनरलने सरळ निर्णय घेतला. जुना किल्ला पाडला, सरकार उचललं आणि दक्षिणेला, उंचावरच्या वेल्टव्हरेडेन भागात नेलं. साहेब वर गेले. गरीब, चिनी व्यापारी, गुलामांची वंशावळ, कोळी, ही मंडळी खाली पाण्याशेजारी राहिली. हे लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी लागणार आहे.

आता लढाई. हॉलंड तेव्हा नेपोलियनच्या ताब्यात, म्हणून इंग्रजांना जावा हवं. १८११ च्या ऑगस्टमध्ये सर सॅम्युअल ऑकमुटीच्या हाताखाली सुमारे १२ हजारांची फौज चिलिन्चिंगला उतरली. हे चिलिन्चिंग त्या तुगूच्या शिळेच्या शेजारचं. फौजेत निम्मे हिंदी: बंगालचे स्वयंसेवक शिपाई आणि मद्रासचे पायोनियर, म्हणजे आमचे पूर्वज. बटाव्हिया न लढता मिळालं. खरी मोर्चेबंदी दक्षिणेला मीस्टर कॉर्नेलिस इथे. सेनापती यान्सेन्सने जागा अशी निवडली होती की पश्चिमेला खोल चिलिवुंग आणि पूर्वेला स्लोकान नावाचा कालवा. दोन पाण्यांच्या मध्ये तोफा. २६ ऑगस्टच्या पहाटे कर्नल गिलेस्पीची तुकडी, तोच वेल्लोरच्या १८०६ च्या बंडातला गिलेस्पी, रात्रभर चालून स्लोकानवरच्या पुलाशी पोचली आणि पूल तोडायच्या आत तो ताब्यात घेतला. पूल गेला तशी मोर्चेबंदी गेली. एका बुरुजातला दारूसाठा उडून दोन्हीकडची माणसं मेली. पाच हजारांवर कैदी झाले.

आज इंडोनेशियन भाषेत 'सलोकान' म्हणजे गटार. आणि मीस्टर कॉर्नेलिस म्हणजे आजचं जातिनगारा. ज्या नदीने यान्सेन्सची डावी बाजू सांभाळली, तिच्याच काठाला आज काम्पुंग मलायू, बुकित दुरी, काम्पुंग पुलो या वस्त्या आहेत. काम्पुंग म्हणजे आपण ज्याला मोहल्ला किंवा वाडी म्हणू. जकार्ताच्या पुराच्या बातमीत हीच नावं पहिली येतात. लढाईच्या पुस्तकात जो 'नैसर्गिक अडथळा' म्हणून शाईने रंगवलेला असतो, त्याच्या काठावर हजारो कुटुंबं स्वयंपाक करतात, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी जाणार होतो नव्या वर्षात. त्याआधी नवं वर्षच आलं. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला. आम्ही दक्षिण जकार्तात, चौदाव्या मजल्यावर. पहाटे चारला जागा झालो तेव्हा खालच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे पाण्यात पेटलेले होते. त्या एका दिवसात हालीम विमानतळावर ३७७ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईकर म्हणतील, २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ होता. खरं आहे. पण इथे जमीन आधीच खाली गेलेली आहे. जकार्ता आणि परिसरात मिळून साठाहून जास्त माणसं गेली. काही विजेच्या धक्क्याने, काही गारठून.

पंधरा दिवसांनी मुलीच्या ऑफिसातला एक सहकारी मला काम्पुंग मलायूला घेऊन गेला. तो तिथेच वाढलेला. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. भिंतींवर अजून ओल, आणि एका दुकानाच्या भिंतीवर रंगाने ओढलेल्या रेघा: १९९६, २००२, २००७, २०१३, २०२०. २००७ ची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर. त्या फेब्रुवारीत सुमारे ८० माणसं दगावली होती आणि लाखो बेघर झाले होते.

दुकान एका विधवा बाईंचं. इंडोनेशियात मोठ्या बाईला 'इबू' म्हणतात, म्हणजे आई. पुरुषाला 'पाक', म्हणजे बाप. आपल्या मावशी-काकांसारखं. इबूंनी कॉफी दिली आणि मी काय काम करत होतो ते ऐकून हसल्या. म्हणाल्या, सैन्यवाले बोट घेऊन येतात, पण नेहमी चौथ्या तासाला.

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. मी ती वहीत उतरवली, जशी एखादी स्थायी आज्ञा उतरवावी.

बोगोरजवळ कातुलाम्पा इथे डचांनी १९११ च्या सुमारास बांधलेला एक बंधारा आहे. त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली आहे. तिथला रखवालदार पट्टी वाचतो आणि आकडा खाली कळवतो. पूर्वी बिनतारी संच, आता फोन आणि व्हॉट्सअॅप. ८० सेंटिमीटरच्या वर इशारा क्रमांक तीन, १५० च्या वर दोन, २०० च्या वर एक. मग दपोकची पट्टी, मग शहराच्या तोंडाशी मांगारायची दारं. कातुलाम्पाचं पाणी मांगारायला पोचायला साधारण नऊ ते बारा तास लागतात. हे नऊ तास म्हणजे त्या वस्तीची सगळी पुंजी.

इबूंचा कोष्टक असा. आकडा ८०, तर झोपा. १५० झाला की मोटारसायकल उड्डाणपुलावर नेऊन लावा, उशीर केला तर जागा मिळत नाही. गॅसची टाकी, तांदूळ आणि फ्रीज माळ्यावर. ओळखपत्र, कुटुंबपत्र आणि शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कायम खिळ्याला टांगलेली. २०० झाला की आजी आणि लेकरं मशिदीत किंवा शाळेत. मुख्य बटण बंद. तरुण पोरं घरातच, वरच्या मजल्यावर, कारण पाण्याबरोबर चोरही येतात. मशिदीच्या भोंग्यावरून आकडा सांगतात, अजानच्याच आवाजात. पाणी चढलं की हातगाडीवाले मोटारसायकली गाडीवर चढवून पाण्यातून पलीकडे नेतात आणि त्याचे पैसे घेतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. सामाईक चूल पेटते. आणि पाणी उतरायला लागलं की तो उतरत असतानाच चिखल झाडूने त्याच्याबरोबर ढकलायचा. सुकल्यावर ढकलू म्हणालात तर तो वीट होतो. हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं. चाळीस वर्षांत आम्हाला कोणत्या कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, पण इशारा मिळाल्याबरोबर सगळेच का निघून जात नाही? इबू म्हणाल्या, तीनदा निघालो आणि पाणी आलं नाही, तर तीन दिवसांची मजुरी गेली. चौथ्यांदा कोण निघेल? म्हणून आकडा लागतो.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९८ च्या पावसाळ्यात आसामात मी मेजर होतो. ब्रह्मपुत्रेचा पूर. माझ्याकडे बोटी आणि एक कंपनी. एका गावात आम्ही भोंग्यावर सांगत फिरलो की सगळ्यांनी बंधाऱ्यावर यावं. बरेच आले. दहा-बारा घरं आली नाहीत. त्यांची घरं बांबूच्या खांबांवर, खाली मोकळी. एक म्हातारा गृहस्थ होता, त्याच्या अंगणात पाण्यात एक बांबू रोवलेला, त्यावर खाचा. त्याने मला एकच प्रश्न विचारला: वरच्या अंगाला पाणी किती आहे? माझ्याकडे नकाशा होता, रेडिओ होता, हुकूम होता, आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी त्याला जरा आवाज चढवूनच बोललो. संध्याकाळच्या अहवालात लिहिलं, 'काही कुटुंबांचा असहकार'. रात्री दोनला पाणी वाढलं आणि आम्ही अंधारात त्यांना काढलं. एक बोट कलंडली. माणसं वाचली, दोन शेळ्या आणि एका मुलीचं दप्तर गेलं. त्या दप्तरासाठी ती पोर सकाळपर्यंत रडत होती. मी ते सगळं त्या म्हाताऱ्याच्या खात्यावर टाकलं होतं. जकार्तात, कॉफीचा कप हातात असताना कळलं की त्याने माझ्याकडे कातुलाम्पाचा आकडा मागितला होता.

या वस्त्या नदीच्या पात्रातच बसल्या आहेत, हे खरं आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये काम्पुंग पुलोचा बराच भाग सरकारने पाडला, दगडफेक झाली, लोकांना जवळच्या उंच इमारतींत भाड्याच्या खोल्या दिल्या. पुढच्या वर्षी बुकित दुरी. इंजिनिअर म्हणून माझं मत विचाराल तर नदीला जागा द्यावीच लागते, त्याला इलाज नाही. पण ज्याची खाली चहाची टपरी होती, त्याला सोळाव्या मजल्यावर खोली देऊन तुम्ही त्याला कोरडा ठेवता आणि त्याचं गिऱ्हाईक काढून घेता. शिवाय भाडं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि यातून सोपी वाट मला दिसलेली नाही.

डचांनीही नदीवर उपाय केला होता. १९१८ च्या मोठ्या पुरानंतर फान ब्रेन नावाच्या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे मांगारायला दारं बांधली आणि पाणी पश्चिमेच्या कालव्याने समुद्राकडे वळवलं. काम उत्तम. आजही चालतं. फक्त साहेबांचे नवे बंगले त्या कालव्याच्या आतल्या बाजूला होते, हे नकाशावर बोट ठेवून बघा. पूर्वेचा कालवा, सुमारे २३ किलोमीटरचा, समुद्राला मिळेपर्यंत २००९ उजाडलं. आणि जानेवारी २०१३ मध्ये त्या पश्चिम कालव्याचा बांध लातुहारहारी रस्त्याजवळ फुटला आणि पाणी थेट शहराच्या मध्यात, मोठ्या हॉटेलांच्या चौकात आलं. तेव्हा पहिल्यांदा टाय लावलेल्या माणसांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

इथवरचा शत्रू मला ओळखीचा होता. तो वरून येतो, त्याच्या येण्याची वर्दी मिळते, त्याला वळवता येतं. काही वेळा, जसं २०२० ला झालं, तो डोक्यावरच पडतो आणि नऊ तास मिळत नाहीत. तरी तो दिसतो. मी उत्तरेला गेलो नसतो तर एवढ्यावर समाधान मानून परतलो असतो.

उत्तरेला मुआरा बारू. मासळी बंदर. गल्लीच्या शेवटी काँक्रीटची भिंत, माझ्या उंचीहून थोडी जास्त. मी भिंतीला लावलेल्या शिडीवर चढलो आणि पलीकडे समुद्र दिसला. तो खाली नव्हता. माझ्या कमरेशी होता. म्हणजे ज्या रस्त्यावरून मी चालत आलो तो समुद्रसपाटीच्या खाली. भिंतीच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, त्या ओलीत पोरं कागदाच्या होड्या सोडत होती. भिंतीच्या समुद्राकडच्या अंगाला वाल अधुना नावाची मशीद पाण्यात उभी आहे. २००० च्या सुमारास तिथली नमाज थांबली. आता कमानींतून मासे फिरतात.

मोजमाप सांगतं की १९७४ ते २०१० या काळात मुआरा बारूची जमीन चार मीटरच्या आसपास खचली. दुमजली घराची खालची खोली पुरी आणि वर थोडं. शहराचा सुमारे ४० टक्के भाग आता समुद्रसपाटीखाली धरतात. जागतिक तापमानवाढीने समुद्र वर येतोय तो वर्षाला काही मिलिमीटर. इथे जमीन जाते ती वर्षाला काही सेंटिमीटर. दोन्हीत दहापट फरक आहे. दोष समुद्रावर टाकणं सोयीचं असतं, कारण समुद्र कोणाच्या मालकीचा नाही.

कारण पायाखाली आहे. हा सगळा पट्टा नदीच्या गाळाचा, चिकणमातीचे थर. त्या थरांत पाणी आहे तोवर ते फुगलेले. पाणी उपसलं की थर दबतो, आणि चिकणमाती एकदा दबली की पुन्हा पाणी सोडलं तरी पूर्वीसारखी फुगत नाही. वरून इमारतींचा भार. उपसतं कोण? नळ सगळीकडे पोचलेला नाही, म्हणून सगळेच. पण काम्पुंगची विहीर उथळ. शे-दोनशे मीटरच्या बोअर मारून खालचं पाणी काढायची ऐपत कारखान्यांची, हॉटेलांची, मॉलची. मुआरा बारूत उथळ पाणी खारट झालेलं. तिथले लोक पिण्याचं पाणी हातगाडीवाल्याकडून कॅनने विकत घेतात, आणि लिटरमागे ते नळवाल्यांपेक्षा महाग पडतं.

तिथल्या घरांत लोक कसे राहतात ते सांगतो. आमच्या वाटाड्याच्या ओळखीचे एक पाक होते, जाळी विणणारे. त्यांच्या घरात मी वाकून शिरलो. चौकट माझ्या छातीपर्यंत. दार बुटकं केलेलं नाही. जमीन तीनदा वर घेतली आहे, विटांचे तुकडे, भंगार, सिमेंट टाकून. रस्ता नगरपालिका उंच करते, मग घर खड्ड्यात जातं, मग घरवाला जमीन उंच करतो. छप्पर तिथेच राहतं. पुढच्या वेळी छप्पर उचलावं लागेल आणि त्याचे पैसे नाहीत. समुद्राच्या पाण्याच्या या पुराला ते 'रोब' म्हणतात. तो उधाणाला येतो, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पावसाचा थेंब नसताना. २००७ च्या नोव्हेंबरात असंच लख्ख उन्हात उधाणाने बांध फोडला होता. तो कधी येईल हे त्या जाळीवाल्या पाकना चंद्र बघून कळतं. पलंगाचे पाय त्यांनी आधीच विटांवर ठेवलेले असतात.

मी त्यांना विचारलं, जमीन खचतेय हे तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, कळलं नाही. आम्हाला वाटायचं समुद्र दर वर्षी थोडा जास्त येतोय. एक दिवस मोठ्या मुलाच्या लग्नाचा फोटो बघितला, दारात काढलेला. त्यात त्यांचे वडील दाराखाली ताठ उभे होते.

यावर माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. नदीसाठी कातुलाम्पाला पट्टी आहे, रखवालदार आहे, भोंगा आहे. जमिनीच्या खचण्याची मोजणी शास्त्रज्ञ करतात, उपग्रहाने करतात, दर सालचे नकाशे आहेत. पण वर्षाला दहा सेंटिमीटरसाठी भोंगा कोणी वाजवत नाही. आणि वाजवला तरी जाळीवाले पाक काय करतील? प्लास्टिकच्या पिशवीत कागद टाकून ते उड्डाणपुलावर जाऊ शकतात. दोन किलोमीटर पलीकडच्या हॉटेलाची बोअर बंद करू शकत नाहीत.

ही बोअर बंद करता येते. टोकियोने केलं. तिथला पूर्वेचा सखल भाग असाच चार मीटरच्या वर खचला होता. १९५६ ला कारखान्यांच्या आणि १९६२ ला इमारतींच्या पाणीउपशावर कायदे आले, कारखान्यांना दुसरं पाणी दिलं गेलं, आणि सत्तरच्या दशकात खचणं जवळपास थांबलं. गेलेले चार मीटर परत आले नाहीत. तो भाग आजही भिंतींच्या आड राहतो, पण भिंत दर दहा वर्षांनी उंच करावी लागत नाही. जकार्तातही कायदे आहेत, बंदीचे भाग जाहीर झालेत. पण नळाचं पाणी आधी पोचवल्याशिवाय बोअर बंद होत नाही, आणि नळासाठी जमिनीखाली घालायचा पैसा दिसत नाही. समुद्रातली भिंत दिसते. तिच्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी राजधानी बोर्निओ बेटावर न्यायची घोषणा केली, २०२२ मध्ये कायदा झाला. नाव नुसांतारा. जकार्ताहून हजार किलोमीटरहून जास्त लांब, उंचावर, नवं कोरं. मला दान्डेल्स आठवला. सरकार दुसऱ्यांदा वर चाललं आहे. गर्दी, वाहतूक, देशाचा समतोल, अशी बाकीची कारणंही आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पण जकार्तातली एक कोटीच्या वर माणसं बोटीत बसून बोर्निओला जाणार नाहीत. इबूंना मी विचारलं, जाल का? त्या म्हणाल्या, तिथे माझ्या दुकानातून वस्तू घेणार कोण?

फेब्रुवारीत परत आलो. मार्चमध्ये जगाला दुसरंच काही झालं, आणि ती वही कपाटात गेली.

ती पुन्हा काढली २०२४ च्या ऑगस्टअखेर. मी राहतो बडोद्याला. सयाजीरावांनी बांधलेलं आजवा सरोवर भरून वाहिलं, विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, अर्ध्या शहरात पाणी, रस्त्यावर मगरी. माझ्याच जुन्या फौजेची पोरं बोट घेऊन आमच्या वस्तीत आली. चौथ्या तासाला. तळमजल्यावरची माझी पुस्तकं गेली, त्यात जावाच्या मोहिमेवरचं एक जुनं पुस्तकही. कागद वाचले, कारण ते प्लास्टिकच्या पिशवीत खिळ्याला टांगलेले होते. चिखल मी पाणी उतरत असतानाच ढकलला. शेजाऱ्यांना वाटलं कर्नल साहेबांचं डोकं फिरलं. चार दिवसांनी त्यांनी तो पहारीने फोडला.

आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पावसाळ्यात रोज सकाळी सातला आजव्याची आणि नदीची पातळी टाकली जाते. हे काम एका निवृत्त शाळामास्तरांनी अंगावर घेतलं आहे आणि ते एक दिवस चुकवत नाहीत. आमच्या मागच्या आवारात दोन बोअरवेल आहेत, एक २०११ ची आणि एक तिच्याहून खोल, २०१९ ची. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा आणि एक बोअर बंद करायचा ठराव मी मांडला. तो दोन सभांपासून पुढच्या सभेवर जातो आहे.